दादरच्या ख्रिस्तमंदिरातील अंगणे

मुंबईत दादरला गोखले रस्त्यावर जे ख्रिस्तमंदिर आहे, त्याला सारे शहर 'पोर्तुगीज चर्च' म्हणते. बसचा थांबाही त्याच नावाने ओळखला जातो, आणि ख्रिस्ती नसलेला दादरकरदेखील पत्ता सांगताना हेच नाव घेतो. मंदिराचे खरे नाव 'अवर लेडी ऑफ साल्व्हेशन', म्हणजे तारणाची माता. १५९६ साली फ्रान्सिस्कन संन्याशांनी येथे पहिले मंदिर उभारले, म्हणजे स्थळ म्हणून हे मुंबईतील सर्वांत जुन्या ख्रिस्ती स्थळांपैकी एक. आज तेथे उभी असलेली वास्तू मात्र १९७४ ते १९७७ या काळातली आहे आणि तिचे वास्तुशिल्पी होते चार्ल्स कोरिया. गंमत अशी की, नाव पोर्तुगीज असलेली ही वास्तू आपल्या वसई-ठाणे-मुंबई पट्ट्यातील बहुतेक ख्रिस्तमंदिरांपेक्षा पोर्तुगालचे ऋण कमी बाळगते.

आपल्या नियतकालिकांतून पुस्तकांची परीक्षणे येतात, नाटकांची येतात, क्वचित चित्रपटांचीही येतात. पण ज्या वास्तूत आपण दर रविवारी तासभर बसतो, जिच्यात आपल्या मुलांचा बाप्तिस्मा होतो आणि जिच्या दारातून आपली शवपेटी शेवटची बाहेर पडते, तिचे परीक्षण कोणी लिहीत नाही. 'छान आहे', 'उकडते फार', 'यंदा रंग चांगला काढला' एवढ्यावर आपले मत संपते. आणि तरीही गावोगावची जुनी मंदिरे अपुरी पडू लागली म्हणून पाडली जात आहेत, नवी उभी राहत आहेत, त्यासाठी समित्या नेमल्या जात आहेत, कष्टकरी कुटुंबे पदरमोड करून वर्गणी देत आहेत. नकाशा दाखविला जातो तेव्हा मनोरे किती उंच आणि बाके किती बसतील, एवढेच विचारले जाते. आम्ही भिवंडीत राहतो. येथे कॅथलिक मूठभर, आणि मोठ्या मंदिराचा विषय आमच्या आवाक्याबाहेरचा. कदाचित म्हणूनच इतरांच्या मंदिरांकडे थोडे निवांतपणे पाहणे आम्हांला जमते. दादरची वास्तू एखाद्या ग्रंथासारखी वाचावी, ती काय म्हणते, कसे म्हणते आणि कोठे अडखळते ते पाहावे, असा या लेखाचा हेतू आहे.

आधी आपल्या मनात ठसलेले चित्र पाहू. लहान मुलाला 'चर्च काढ' म्हटले की ते दोन मनोरे काढते, मध्ये त्रिकोण, वर क्रूस आणि खाली कमानदार दार. हे चित्र आपल्याकडे दोन वाटांनी आले. एक वाट पोर्तुगीजांची. वसईच्या किल्ल्यात जेजुइटांच्या मंदिराची दर्शनी भिंत अजून उभी आहे. रोमन धाटणीचे खांब, कमान, मजल्यावर मजला. छप्पर गेले, आतले सारे गेले, पण दर्शनी भिंत राहिली. आणि खरे पाहता त्या परंपरेत सर्वाधिक श्रम त्या भिंतीवरच खर्च होत असत. दुसरी वाट इंग्रजांच्या काळातील, टोकदार कमानींची. वांद्र्याच्या मोतमाऊलीचे आजचे मंदिर १९०४ सालचे, त्याच धाटणीकडे झुकणारे. ते उभारले शापूरजी चांदाभॉय या पारशी वास्तुशिल्पीने. एका जरथुष्ट्री गृहस्थाने युरोपच्या मध्ययुगातील कॅथलिक शैलीत, हिंदू-मुसलमान नवसकऱ्यांचीही रीघ लागणाऱ्या टेकडीवर मरियामातेचे घर बांधावे, ही मुंबईची खास खूण. आम्हांला ती वास्तू प्रिय आहे. पण ती शैली ज्या देशांत जन्मली तेथे सूर्य दुर्मीळ. उंच खिडक्या आणि रंगीत काचा यांचा सारा खटाटोप होता तो मंद प्रकाशाचा कण न् कण आत ओढून घेण्यासाठी. आपल्याकडे प्रश्न नेमका उलटा. येथे प्रकाश उदंड, आणि त्याबरोबर येणारी धग त्याहून उदंड. म्हणून आपण आधी मोठ्या खिडक्या ठेवतो, मग त्यांना पडदे लावतो, मग पंखे बसवतो, आणि आता वातानुकूलन यंत्रासाठी पुन्हा वर्गणी काढतो.

कोरियांनी या चित्रालाच हात घातला. ते १९३० साली सिकंदराबादेत एका गोमंतकीय कुटुंबात जन्मले. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातून ते अमेरिकेला गेले, मिशिगन आणि मॅसॅच्युसेट्स येथे वास्तुशास्त्र शिकले, आणि परतल्यावर १९५८ पासून मुंबईत स्वतंत्रपणे काम करू लागले. पहिलेच मोठे काम मिळाले ते साबरमती आश्रमातील गांधी स्मारक संग्रहालयाचे. अठ्ठाविशीचा तरुण आणि विषय महात्मा! कोणीही भव्यतेच्या मोहात पडला असता. त्यांनी सहा मीटर लांबीरुंदीच्या साध्या चौकोनी खणांची मांडणी केली. विटांचे खांब, वर कौले, खाली दगडी फरशी, खिडक्यांना काचेऐवजी लाकडी झडपा. काही खण झाकलेले, काही उघडे, मध्ये पाणी. १९६३ साली पंडित नेहरूंच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. दादरचे मंदिर समजून घ्यायचे असेल तर आधी हा आश्रम डोळ्यांसमोर आणावा, कारण झाकलेली जागा आणि उघडी जागा यांचा जो खेळ तेथे सुरू झाला, तो कोरियांनी जन्मभर सोडला नाही.

'आकाशाखालची जागा' हा त्यांच्या विचाराचा गाभा. उष्ण देशात माणूस चोवीस तास चार भिंतींत राहत नाही, हे त्यांचे साधे निरीक्षण. पहाटे तो अंगणात, दुपारी माजघरात, सायंकाळी ओट्यावर आणि उन्हाळ्यात रात्री गच्चीवर असतो. म्हणून उघडी जागा ही उरलेली जागा नव्हे, ती खोलीच आहे, फक्त तिला छप्पर नाही. बेलापूरला १९८३ नंतर त्यांनी जी वसाहत बांधली तीत सात-सात घरांमध्ये एकेक सामाईक अंगण दिले. पुण्याच्या 'आयुका' या खगोलशास्त्र संस्थेतही सारी मांडणी अंगणांभोवतीच फिरते. दक्षिण मुंबईतील कांचनजंगा या उत्तुंग इमारतीत त्यांनी अंगणच दोन मजली उंचीचे करून हवेत टांगले. श्रीमंतांच्या या शेवटच्या उदाहरणाने आम्ही फारसे भारावत नाही. बेलापूरचे आम्हांला मोलाचे वाटते.

आता दादर. हे काम कोरियांकडे आले त्या वेळी ख्रिस्तसभेतच एक मोठी उलथापालथ होऊन गेली होती. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनेविषयीचा आपला दस्तऐवज प्रसिद्ध केला आणि भाविकांनी उपासनेत जाणतेपणाने आणि सक्रियतेने सहभागी व्हावे, असे सांगितले. धर्मगुरू वेदीमागून लोकांकडे तोंड करून उभे राहू लागले, लॅटिनची जागा मराठी, कोंकणी, इंग्रजी या भाषांनी घेतली. पुढच्याच वर्षी, १९६४ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात, मुंबईत आंतरराष्ट्रीय प्रभुशरीर परिषद भरली. पोप सहावे पॉल स्वतः आले. ओव्हल मैदानावर, कोणत्याही मनोऱ्याविना, उघड्या आकाशाखाली अफाट समुदायाने मिस्सा ऐकली. ज्यांनी ती पाहिली त्यांच्या मनातून 'चर्च म्हणजे चार भिंती' ही कल्पना थोडी तरी हलली असणार. अर्थात परिषदेच्या सुधारणा आपल्या बहुतेक मंदिरांत पोहोचल्या त्या अशा: जुनी वेदी मागे तशीच राहिली, पुढे एक लाकडी मेज आले. भिंती, बाकांच्या रांगा, दारे यांत काही बदलले नाही. पूर्वी रेल्वेच्या डब्यात बसल्यासारखे एकामागे एक बसून आपण फादरांची पाठ पाहत होतो, आता तोंड पाहू लागलो.

कोरियांनी मेज न हलवता मुळापासून प्रश्न विचारला. ख्रिस्तचरित्राकडे पाहताना त्यांना त्याचे तीन टप्पे दिसले. पहिला खासगी, त्याची खूण बाप्तिस्मा. दुसरा सार्वजनिक, त्याची खूण डोंगरावरील प्रवचन. तिसरा बलिदानाचा, म्हणजे शेवटचे भोजन आणि क्रूस. या तीन टप्प्यांना तीन प्रकारच्या जागा हव्यात, असे त्यांनी मानले आणि एक मोठे दालन बांधण्याऐवजी एकमेकांत गुंफलेल्या जागांची साखळी रचली. त्यांतल्या काही छपराखाली, काही उघडी अंगणे. झाकलेल्या जागांवर सपाट छत नाही, उंच निमुळती होत जाणारी काँक्रीटची कवचे आहेत. ती केवळ शोभेची नव्हेत. तापलेली हवा वर चढते, कवचाच्या माथ्याकडून बाहेर पडते, आणि तिच्या जागी अंगणांतून थोडी थंड हवा आत ओढली जाते. अहमदाबादेत साठच्या दशकाच्या आरंभी कोरियांनी एक अरुंद, स्वस्त घर याच तत्त्वावर बांधले होते: तिरपे छत, माथ्याला झरोका, यंत्राविना वारा. गरिबाच्या घरासाठी सुचलेली युक्ती देवाच्या घराला लावली, हे आम्हांला त्या वास्तूतले सर्वांत ख्रिस्ती तत्त्व वाटते.

भिवंडीकराला या कवचाचे मर्म सांगावे लागत नाही. यंत्रमागाच्या ज्या कारखान्यावर ठेंगणा पत्रा आहे त्यात मे महिन्यात पाऊल टाकले की डोक्यावर तापलेली हवा कशी साचून राहते ते कळते. छत जेवढे खाली तेवढा कामगार भाजतो. छत उंच असेल आणि माथ्याला वाट असेल तर त्याच पत्र्याखाली माणूस श्वास घेऊ शकतो. आपल्या नव्या मंदिरांच्या नकाशांवर दर्शनी भिंतीच्या सुशोभनाचा खर्च असतो. पण गरम हवा कोठून बाहेर पडणार हे दाखविणारा बाण आम्ही तरी एकाही नकाशावर पाहिला नाही.

अंगणांविषयी अधिक लिहिले पाहिजे, कारण दादरच्या मंदिरावर होणारा मुख्य आक्षेपही त्यांच्यावरच बेतलेला असतो. 'हे चर्चसारखे दिसत नाही' हा तो आक्षेप. अनेक वडीलधाऱ्यांच्या तोंडून तो आम्ही ऐकला आहे आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. माणूस प्रार्थनेला जातो तेव्हा ओळखीच्या खुणा शोधतो. आजीचा हात धरून ज्या कमानीखालून आत गेलो, ती कमान नसेल तर मन बिचकते. पण आपली प्रार्थना खरोखर कोठे घडत आली आहे, हेही पाहावे. गावठाणातल्या खुरिसापुढे! मे महिन्याच्या सायंकाळी चटया अंथरून, मेणबत्त्या लावून, उघड्यावर जपमाळ म्हटली जाते. मुंबईच्या गावठाणांतील कितीतरी क्रूस १८९६ च्या प्लेगनंतर उभे राहिले. भयभीत माणसे दाराबाहेर, रस्त्याच्या कडेला, आकाशाखाली एकत्र जमली आणि तेथेच त्यांनी देवाला हाक मारली. लग्न लागते चर्चमध्ये, पण उंबराचे पाणी आणले जाते गात-वाजवत बाहेरून, आणि सारा गाव जेवतो तो अंगणातल्या मांडवात. मृताला शेवटचा निरोप ओटीवर दिला जातो. सणाच्या दिवशी मूर्तीची मिरवणूक बाहेर पडते. आपल्या श्रद्धेचा निम्मा संसार आजवर छपराबाहेर झाला आहे. मंदिराच्या वास्तूने तेवढी त्याची दखल घेतली नाही. कोरियांनी ती घेतली, इतकेच.

आणि अंगण ख्रिस्ती परंपरेला परकेही नाही. सिरियात युफ्रेतिस नदीकाठी दुरा-युरोपोस या प्राचीन नगराचे उत्खनन १९३० च्या सुमारास झाले, तेव्हा तेथे ख्रिस्ती उपासनेचे जे घर सापडले ते आजवर सापडलेल्या अशा वास्तूंत सर्वांत जुने गणले जाते. ते इसवी सनाच्या तिसऱ्या शतकाच्या पूर्वार्धातले. ते मुळात राहते घर होते. मध्ये अंगण, भोवती खोल्या. एका खोलीत बाप्तिस्म्याचे कुंड आणि भिंतींवर चित्रे. दुसरीकडे दोन खोल्यांमधली भिंत काढून मंडळी जमण्यासाठी केलेले दालन. म्हणजे बाप्तिस्म्याची जागा वेगळी, भोजनाची वेगळी, दोहोंना जोडणारे अंगण. मनोरा नाही, टोकदार कमान नाही. दादरच्या वास्तूला 'चर्चसारखे दिसत नाही' म्हणणाऱ्यांना आम्ही नम्रपणे विचारू इच्छितो: कोणत्या शतकातल्या चर्चसारखे?

येथवर कौतुक झाले. आता जेथे आमचे समाधान होत नाही ते सांगतो.

पहिली गोष्ट त्या तीन टप्प्यांची. ख्रिस्तचरित्राचे तीन भाग करणे काव्यात्म आहे, पण मिस्सा म्हणजे चरित्राचा नाट्यप्रयोग नव्हे. मिस्सेत वचन आणि भोजन ही एकाच उपासनेची दोन अंगे आहेत. शब्द ऐकला त्याच ठिकाणी भाकर मोडली जाते, आणि परिषदेने या दोहोंच्या एकतेवर भर दिला. डोंगरावरील प्रवचनासाठी एक जागा आणि शेवटच्या भोजनासाठी दुसरी, ही कल्पना कागदावर जितकी चित्तवेधक दिसते तितकी ती रविवारच्या सकाळी उपयोगाची ठरत नाही. मंडळी एकच असते, ती वेदीसमोर बसते आणि तेथेच सारे ऐकते. वास्तुशिल्पीने येथे शुभवर्तमान मन लावून वाचले, मिस्साग्रंथ मात्र घाईने चाळला, असे म्हणावेसे वाटते. तरी एक कबूल केले पाहिजे. वर्षातले जे मोठे विधी खरोखर चालत जाण्याचे आहेत त्यांना ही रचना जणू बेतून दिली आहे. झावळ्यांच्या रविवारी आशीर्वाद बाहेर आणि मिरवणूक आत. क्रूसाच्या वाटेची चौदा ठिकाणे. पास्काच्या रात्री नवा अग्नी अंधारात, उघड्यावर पेटवायचा आणि त्यावर पेटवलेली मेणबत्ती घेऊन मंडळीने आत जायचे. नेहमीच्या मंदिरात हे विधी दाराशी दाटीवाटीने उरकले जातात.

दुसरी गोष्ट पाऊस. मुंबईत वर्षाला दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. साबरमतीचे अंगण दादरला आणले म्हणजे ते तसेच वागेल असे नाही. गुजरातच्या कोरड्या हवेत उघडा चौक वर्षातले बहुतेक दिवस वापरता येतो, कोकणच्या हवेत जून ते सप्टेंबर तो पाण्याचा होतो. आपल्या जुन्या घरांनी यावर तोड काढली होती ती पडवीची. अंगण आणि घर यांच्यामध्ये खोल, उतरत्या छपराची पडवी, जिच्यात पावसातही बसता येते. कोरियांच्या लेखनात व्हरांड्याचे गुणगान पुष्कळ आहे. दादरला झाकलेले आणि उघडे यांच्यामधला हा तिसरा, अर्धा झाकलेला प्रकार अधिक उदारपणे यायला हवा होता, असे आमचे मत आहे. आणि शहराचा गोंगाट! अंगणातून वारा आत येतो तसा मोटारीचा भोंगाही येतो. १९७४ साली त्या रस्त्यावर किती वाहने होती आणि आज किती आहेत, याचा दोष वास्तुशिल्पीला देता येणार नाही. पण शांततेवाचून उपासना होत नाही, हेही तितकेच खरे.

तिसरी गोष्ट काँक्रीटची. समुद्राजवळच्या खाऱ्या, दमट हवेत काँक्रीटच्या आतले लोखंड गंजते, फुगते आणि वरचा थर सोडवते. कौलारू छपराचे कौल फुटले तर गावातला माणूस शिडी लावून बदलतो. वक्र कवचाला भेग पडली तर तज्ज्ञ लागतो, परांची लागते, पैसा लागतो. नव्या विचाराच्या वास्तू त्यांच्या मंडळींवर कोणता भार टाकतात, याचे धडे दूरदेशी स्कॉटलंडमध्ये पाहायला मिळतात, आणि ते आपल्या उपयोगाचे आहेत.

ग्लासगो शहरात 'गिलेस्पी, किड अँड कोया' नावाची वास्तुशिल्पींची पेढी होती. तिचे प्रमुख जॅक कोया इटालियन कुळातले कॅथलिक. त्यांच्या हाताखालच्या दोन तरुणांनी, आयझी मेट्झस्टाइन आणि अँडी मॅकमिलन यांनी, साठच्या दशकात तेथील कॅथलिक मंदिरांचा चेहरा बदलून टाकला. मेट्झस्टाइन हे बर्लिनचे ज्यू, हिटलरच्या छळातून १९३९ साली बालवयात वाचवून ब्रिटनमध्ये आणले गेलेले. शापूरजींप्रमाणेच येथेही परधर्मीयाच्या हातून ख्रिस्तमंदिर घडले. १९६४ साली ईस्ट किलब्राइड येथे पूर्ण झालेले त्यांचे सेंट ब्राइड मंदिर म्हणजे विटांचा एक प्रचंड, जवळजवळ बिनखिडक्यांचा ठोकळा, आत वरून झिरपणारा प्रकाश. त्याला एक उंच मनोराही होता. वास्तुशास्त्राच्या जगाने वाहवा केली, १९६९ साली कोया यांना ब्रिटिश वास्तुशिल्पी संस्थेचे सुवर्णपदक मिळाले. पण तो मनोरा १९८३ साली पाडावा लागला. याच पेढीने कार्ड्रॉस येथे धर्मगुरूंच्या प्रशिक्षणासाठी बांधलेले सेंट पीटर सेमिनरी १९६६ साली सुरू झाले, १९८० साली बंद पडले आणि नंतर त्याचा सांगाडा उरला. एक तर त्या ओल्या देशात पाणी आत शिरत राहिले, दुसरे म्हणजे परिषदेनंतर धर्मगुरूंना रानात, एकांतात नव्हे तर शहरात, लोकांमध्ये शिकवावे असा विचार पुढे आला. ज्या जुन्या व्यवस्थेसाठी ती वास्तू कल्पिली, तीच व्यवस्था वास्तू पुरी होईपर्यंत ओसरू लागली.

दादरचे मंदिर स्कॉटलंडमधल्या त्या वास्तूंचे समकालीन भावंड आहे. दोन्हीकडे तोच काळ, तोच परिषदेचा वारा, जुन्या चित्राचा तोच कंटाळा. फरक आम्हांला दिसतो तो एकच, पण मोलाचा. तेथे नव्या आकाराच्या ओढीने हवामानाशी झगडा मांडला गेला. येथे आकारच हवामानातून काढला. म्हणूनच कोरियांचे काही तपशील चुकले तरी मूळ विचार चुकला नाही, असे आम्ही म्हणतो. पुढे २००० साली त्यांचे केरळातील परुमला येथील मंदिर पूर्ण झाले, ते मलंकारा ऑर्थोडॉक्स बंधूंसाठी. म्हणजे हा प्रश्न त्यांना पंचवीस वर्षांनीही सोडत नव्हता. १६ जून २०१५ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले तेव्हा वृत्तपत्रांनी नवी मुंबईच्या नियोजनाची, पद्मविभूषण सन्मानाची, परदेशांतील वास्तूंची आठवण काढली. आपल्या समाजातल्या नियतकालिकांनी दादरच्या मंदिरावर सविस्तर लिहायला हवे होते. ते झाले नाही म्हणून उशिरा हा प्रयत्न.

कोणी म्हणेल, मग काय गावोगावी काँक्रीटची कवचे उभारायची? मुळीच नाही. दादरची नक्कल करणे म्हणजे मोतमाऊलीची नक्कल करण्याइतकेच आळशीपणाचे होईल. वसईच्या वाडीत कौल, लाकूड आणि चिरा यांची भाषा अजून जिवंत आहे, ठाण्याच्या आदिवासी पाड्यांवर कुडाची आणि कारवीची आहे. उचलायचा तो प्रश्न: ही मंडळी प्रार्थना कशी करतात, कोठे बसतात, कोणत्या ऋतूत काय सोसतात? वास्तुशिल्पीला मानधन देण्यापूर्वी समितीने त्याला एक वर्षभर आपल्या सणांना बोलवावे, खुरिसापुढच्या जपमाळेला बसवावे, श्रावणातल्या मुसळधार पावसातल्या दफनविधीला न्यावे. नकाशा मग पाहू.

आमच्या परिचयातल्या एका धर्मग्रामाने अलीकडेच नव्या मंदिराचा नकाशा मंजूर केला. रंगीत चित्र फार देखणे आहे: दोन मनोरे, टोकदार कमानी, वर काचेचे गुलाब. जुन्या मंदिरापुढे चिंचेखाली एक मोकळे पटांगण आहे, जेथे पास्काच्या रात्री अग्नी पेटवतात आणि मे महिन्यात मुलांची शिबिरे भरतात. नव्या नकाशात त्या जागेवर चाळीस मोटारींचा वाहनतळ दाखविला आहे. चिंच दाखविलेली नाही.